काठावरचे आकडे

एक्सेलमध्ये राउंड नावाची दोन फंक्शन्स आहेत. एक आपण सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन लिहितो, दुसरं मॅक्रोच्या, म्हणजे फाइलला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या, ओळीत. दोघांनाही २.५ हा आकडा द्या आणि पूर्णांकात आणायला सांगा. शीटमधलं राउंड ३ म्हणतं, मॅक्रोतलं २. फाइल तीच, आकडा तोच, आणि उत्तरात एकाचा फरक. २.४ दिलं तर दोघंही २ म्हणतात, २.६ दिलं तर दोघंही ३. इतकंच काय, ३.५ ला दोघांचंही ४ वर एकमत होतं. मतभेद होतो तो बरोब्बर मधोमध उभ्या असलेल्या आकड्यांपाशी, आणि तिथेही एक सोडून एक.

गेली बरीच वर्षं माझं काम अशा फाइलींचं आहे. पतसंस्था, छोटे कारखाने, शाळा-कॉलेजांची कार्यालयं. मोठं सॉफ्टवेअर परवडत नाही, किंवा घेतलेलं असूनही शेवटचा हिशेब एक्सेलमध्येच होतो, अशा ठिकाणचे मॅक्रो मी लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अशा जोड्यांनी. राउंड आणि राउंड, मॉड आणि मॉड, ट्रिम आणि ट्रिम. नाव एक, काम वरवर पाहता एकच. रोजच्या साध्या आकड्यांवर दोघांची उत्तरं इतकी जुळतात की फरक आहे हे लक्षातही येत नाही. अर्धा रुपया, उणे संख्या, रिकामा सेल, न सापडलेलं नाव, अशा काठावरच्या गोष्टी समोर आल्या की मगच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. आणि काठावरच्या गोष्टी हिशेबात थोड्या असल्या तरी प्रत्येकीमागे कोणीतरी माणूस असतो.

एका कार्यालयातला मार्चअखेरीचा प्रसंग सांगते. तिथे बिलं मॅक्रोतून छापली जायची आणि कराचं रजिस्टर शीटमध्ये सूत्रांनी भरलं जायचं. वर्षाच्या बेरजेत दोघांत काही रुपयांचा फरक येत होता. तिथले अकाउंटंट निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. कोणीतरी म्हणालं, "काका, राउंड ऑफ खाती टाका आणि मोकळे व्हा." काकांनी मान हलवली. "फरक लहान आहे म्हणून सोडायचा नसतो. लहान फरकाच्या पोटात दोन मोठे फरक असू शकतात, एक जमेचा, एक नावेचा. ताई, आधी तो कुठून आला ते मला दाखवा, मग सोडायचा की नाही ते मी बघतो."

आम्ही बिलं आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. १,७०० रुपयांच्या मालावर केंद्राचा अडीच टक्के कर होतो ४२ रुपये ५० पैसे. रजिस्टरमध्ये ४३ पडले होते, छापील बिलात ४२. १,७४० च्या बिलावर ४३.५०, तिथे दोन्हीकडे ४४. १,७८० वर ४४.५०, रजिस्टरमध्ये ४५ आणि बिलात ४४. १,८२० वर ४५.५०, पुन्हा दोन्हीकडे ४६. अशा चार बिलांत रजिस्टरची बेरीज १७८ झाली आणि बिलांची १७६. जिथे पैसे बरोब्बर पन्नासवर नव्हते, अशा एकाही ओळीत फरक नव्हता.

मॅक्रोतलं राउंड चुकतंय, असं पहिल्यांदा कोणालाही वाटेल. पण त्याच चार रकमांची पैशांसकट बेरीज करून पाहा. ती बरोब्बर १७६ येते. खऱ्या बेरजेला धरून राहिला तो मॅक्रो, आणि शाळेत शिकवलेल्या रीतीने गेलेलं रजिस्टर दोन रुपये पुढे गेलं. अर्धा आला की वर न्यायचा, ही रीत एकेका आकड्यापुरती साधी-सरळ आहे, पण हजारो आकड्यांत ती कायम एकाच बाजूला झुकते. म्हणून दुसरी रीत आहे: अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जायचं. कधी वर, कधी खाली, त्यामुळे लांबलचक बेरजेत झुकाव उरत नाही. हिला बँकर्स राउंडिंग म्हणतात. संगणकातल्या अपूर्णांकी गणितासाठी १९८५ साली आलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकातही एरवीची रीत हीच धरलेली आहे. मॅक्रोतली सीइंट आणि सीलाँग ही फंक्शन्ससुद्धा हाच नियम पाळतात.

काकांना हे सगळं पटलं. पण त्यांच्या टेबलावर शेवटचा शब्द कायद्याचा होता. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचं १७० वं कलम सांगतं, की भरायची रक्कम जवळच्या रुपयात आणायची, आणि वरचा भाग पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण रुपया धरायचा, कमी असेल तर सोडून द्यायचा. पन्नास पैशांची बाजू कायद्याने ठरवून टाकली आहे, तिथे सम-विषम पाहायला जागा नाही. मग त्या मॅक्रोत नुसत्या राउंडच्या जागी ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.राउंड लिहिलं, म्हणजे मॅक्रोने शीटचंच राउंड बोलावून घेतलं. बदल एका ओळीचा होता. प्रयोगशाळेतल्या मोजमापांच्या सरासऱ्या काढणारी फाइल असती, तर मी ती ओळ आहे तशीच ठेवली असती.

इथे मला या विषयातली पहिली मोठी गोष्ट कळली. दोन फंक्शन्सपैकी बरोबर कोणतं, याचं उत्तर त्या फंक्शनच्या पोटात नसतं. ते बाहेर असतं, ज्या कामासाठी आकडा वापरायचा त्या कामात. प्रोग्राम लिहिणाऱ्याला गणित येऊन भागत नाही, त्याला कलम माहीत हवं, नाहीतर ते माहीत असलेल्या काकांशी बसून बोलायची सवय हवी.

एका सॉफ्टवेअरमध्ये असे दोन नियम आले कसे, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. शीट आणि मॅक्रो ही मुळात दोन वेगळी घराणी आहेत. शीटचं घराणं सुरू होतं डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कपासून. पुढे १९८३ चं लोटस १-२-३, मग १९८५ साली मॅकिंटॉशवर आलेलं एक्सेल. दुसरं घराणं बेसिक या भाषेचं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ साली ती तयार केली, विज्ञान शाखेबाहेरच्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून. तिच्यातून १९९१ साली मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं, आणि १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये तिचंच एक रूप मॅक्रोची भाषा म्हणून शीटला जोडलं गेलं. त्या दिवसापासून दोन घराणी एका छताखाली नांदताहेत, आणि रीती आपापल्या सांभाळून आहेत.

तारखांमध्ये ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, म्हणून त्या वर्षी २९ फेब्रुवारी आलीच नाही. पण लोटसने ती तारीख धरली होती, आणि लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलच्या शीटनेही ती धरली. आजही शीटमध्ये ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० दाखवतो. मॅक्रोच्या भाषेने हा दिवस मानला नाही. त्यामुळे १ जानेवारी १९०० हा दिवस शीटच्या लेखी क्रमांक १ आणि मॅक्रोच्या लेखी क्रमांक २. १ मार्च १९०० पासून दोघंही ६१ वर एकत्र येतात आणि पुढे कधीच वेगळे होत नाहीत. मॅक्रोच्या बाजूने सव्वाशे वर्षांचा सगळा व्यवहार सुरळीत चालावा म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा फरक स्वीकारलेला आहे. शीटच्या बाजूने लोकांच्या जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून न आलेली तारीख सांभाळलेली आहे. मला दोन्ही निर्णयांबद्दल आदर वाटतो, कारण दोन्हींच्या मुळाशी कोणाचं तरी चालू काम अडू नये ही काळजी आहे.

मॉडची जोडीही अशीच. मॉड म्हणजे भागाकारातली बाकी. पाळ्यांची यादी करताना ते रोज लागतं. समजा वारांना ० ते ६ क्रमांक दिले, रविवारला ०, शनिवारला ६. आज रविवार असेल तर काल कोणता वार होता? ० मधून १ वजा केला की उणे १, त्याला ७ ने भागून बाकी काढायची. शीटमधलं मॉड ६ सांगतं, म्हणजे शनिवार. मॅक्रोतलं मॉड उणे १ सांगतं, आणि त्या क्रमांकाचा वार आपल्या यादीत नसतो. शीट भागाकार खाली खेचून उणे १ धरते, मग ७ गुणिले उणे १ अधिक ६, बरोबर उणे १. मॅक्रो भागाकार शून्याकडे नेतो, मग ७ गुणिले ० अधिक उणे १, बरोबर उणे १. भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी यांचा शाळेतला ताळा दोन्हीकडे पडतो. अपूर्णांक दिला की आणखी वेगळं. १९ ला ६.७ ने भागून बाकी विचारली तर शीट ५.६ सांगते. मॅक्रो आधी ६.७ चे ७ करतो आणि मग बाकी ५ सांगतो. राउंडसारखं शीटचं मॉड बोलावून घ्यावं म्हटलं, तर वर्कशीटफंक्शनच्या यादीत मॉड नाही. मग आलेल्या बाकीत ७ मिळवायचे आणि पुन्हा ७ ने बाकी काढायची, असा वळसा घ्यावा लागतो. रात्रपाळीच्या माणसाचं नाव यादीतून गळू नये, एवढ्यासाठी हा वळसा.

नाव गळणं ही या कामातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. आपल्याकडच्या याद्यांमध्ये नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. टाइप करणाऱ्याच्या हातून मध्ये कधी एक जागा सुटते, कधी दोन. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच, पण जुळवणी करणाऱ्या सूत्राला ती दोन वेगळी माणसं. जास्तीच्या जागा काढायला ट्रिम असतं. शीटमधलं ट्रिम पुढच्या-मागच्या जागा काढतंच, शिवाय शब्दांच्या मधल्या दोन-तीन जागांची एक जागा करतं. मॅक्रोतलं ट्रिम फक्त पुढच्या-मागच्या काढतं, मधल्या जागांना हात लावत नाही. मॅक्रोत ट्रिम लिहिलं म्हणजे नावं स्वच्छ झाली, असं धरून चालणाऱ्या फाइलमध्ये मधे दोन जागा असलेली बाई सापडत नाही. तिची ठेव आहे, खातं आहे, फक्त लाभांशाच्या यादीत तिच्यापुढे काही येत नाही. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात तर १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असते, आणि ती दोन्हीपैकी कोणतंच ट्रिम काढत नाही. ती वेगळी शोधून बदलावी लागते.

नाव सापडलं नाही तर पुढे काय होतं, हेही कोणतं फंक्शन निवडलं त्यावर ठरतं. यादीत नाव शोधून त्याच्यापुढची रक्कम आणणारं व्हीलुकअप मॅक्रोतून दोन तऱ्हांनी बोलावता येतं. ॲप्लिकेशन.व्हीलुकअप असं लिहिलं तर न सापडल्याची खूण उत्तर म्हणून हातात येते, आणि पुढे काय करायचं ते आपण ठरवतो. मध्ये वर्कशीटफंक्शन हा शब्द घातला तर न सापडताच मॅक्रो १००४ क्रमांकाची चूक दाखवून तिथेच थांबतो. थांबलेला मॅक्रो कोणालाच नको असतो, म्हणून पुष्कळ फाइलींत वर एक ओळ आढळते, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा. आता एकेका सभासदाची रक्कम शोधून शेजारी लिहिणारी फेरी डोळ्यांसमोर आणा. तिसाव्या ओळीवरच्या माणसाची रक्कम सापडली, चलात ठेवली, शीटवर लिहिली. एकतिसावं नाव सापडलं नाही. चूक आली, ती ओलांडून मॅक्रो पुढे गेला. पण शोधच फसल्यामुळे चलात नवीन काही ठेवलंच गेलं नाही, तिथे तिसाव्याचीच रक्कम राहिली आहे. एकतिसाव्या नावापुढे तीच लिहिली जाते. पडद्यावर कुठेही लाल काही दिसत नाही, सगळ्या ओळी भरलेल्या असतात, आणि एका माणसापुढे शेजाऱ्याचे पैसे असतात.

म्हणून मी शोधासाठी नेहमी पहिली तऱ्हा वापरते आणि प्रत्येक वेळी खूण तपासते. न सापडलेल्यांची वेगळी यादी करून ती सगळ्यात वर ठेवते. मॅक्रो थांबणं वाईट, पण न थांबता चुकीचं उत्तर देणं त्याहून वाईट. हे मी प्रत्येक नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगते.

रिकामा सेल हा असाच एक काठ. परीक्षेच्या गुणतक्त्यात एखाद्या मुलापुढे काहीच लिहिलेलं नसतं, कारण तो परीक्षेला आलाच नाही. शीटमधल्या इझनंबरला विचारलं, ही संख्या आहे का, तर ते नाही म्हणतं. मॅक्रोतल्या इझन्यूमेरिकला विचारलं, तर ते हो म्हणतं, कारण रिकामेपण शून्यात बदलता येतं. मॅक्रोने मग शून्य धरून सरासरी काढली की सगळ्या वर्गाची सरासरी खाली येते आणि गैरहजर मूल नापासांच्या यादीत जाऊन बसतं. उलट मजकुराच्या रूपात लिहिलेले १२३ असतील तर इझनंबर नाही म्हणतं आणि इझन्यूमेरिक हो. पहिलं विचारतं, ही संख्या आहे का. दुसरं विचारतं, हिची संख्या करता येईल का. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण ते दोन प्रश्न आहेत. तसंच मजकुरातली संख्या वाचणाऱ्या व्हॅल आणि सीडबल यांचं. "१,२५,०००" असा मजकूर दिला तर सीडबल सव्वा लाख वाचतं, आणि व्हॅल पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून १ देतं. बँकेच्या पीडीएफमधून उचललेल्या रकमा अशाच स्वल्पविरामांसकट येतात.

आता पुष्कळ कार्यालयं आपल्या फाइली गूगल शीट्सवर नेत आहेत. तिथे मॅक्रोची भाषा जावास्क्रिप्टच्या घराण्यातली, १९९५ साली ब्राउझरसाठी जन्मलेली. त्या भाषेत मॅथ.राउंड आहे. २.५ ला ते ३ म्हणतं, शीटशी जुळतं. पण उणे २.५ ला ते उणे २ म्हणतं, आणि शीटमधलं राउंड उणे ३. माल परत आला, उलटी नोंद करायची झाली, की रक्कम उणे होते, आणि मूळ नोंद आणि उलटी नोंद एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत, एक रुपया मागे राहतो. जुना मॅक्रो ओळीला ओळ ठेवून नव्या भाषेत लिहिणाऱ्यांनी हे आधी तपासायला हवं. घर बदललं तरी काठ तिथेच असतात, तिथली रीत मात्र बदलते.

म्हणून कोणतंही फंक्शन पहिल्यांदा वापरताना मी त्याला साधे आकडे देऊन पाहत नाही. साध्या आकड्यांवर सगळेच बरोबर असतात. मी त्याला अर्धा देते, उणे देते, शून्य देते, रिकामं देते, नसलेलं नाव देते. पाच-सहा ओळींची ही चाचणी त्याच फाइलमध्ये एका वेगळ्या शीटवर ठेवते, म्हणजे नंतर येणाऱ्यालाही ती चालवून पाहता येते. आणि मॅक्रोत त्या ओळीच्या वर एक टिपण लिहिते: इथे शीटचं राउंड घेतलं आहे, कारण कलम १७०. इथे ॲप्लिकेशन.व्हीलुकअप घेतलं आहे, कारण न सापडलेलं नाव लपता कामा नये. कोड काय करतो ते कोड वाचून कळतं. तो तसं का करतो हे लिहून ठेवलं नाही, तर पुढचा माणूस राउंडची ती ओळ सुटसुटीत करायला म्हणून ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन हे दोन्ही शब्द काढून टाकतो, फाइल पूर्वीसारखीच चालते, आणि पन्नास पैशांची बाजू पुन्हा बदलते.

हे बारकावे तंत्राचे आहेत, त्यात माणसाचा काय संबंध, असं मला पुष्कळदा ऐकायला मिळतं. माझा अनुभव उलटा आहे. हिशेबात बहुतेक माणसं काठापासून लांब असतात, त्यांचं कोणत्याही फंक्शनने बरं होतं. उरलेली काठावर असतात: ज्याची रक्कम बरोब्बर अर्ध्यावर आली तो, जिच्या नावात एक जागा जास्त पडली ती, जो त्या दिवशी हजर नव्हता तो. त्यांच्या बाबतीत काय करायचं हे कोणीतरी जाणीवपूर्वक ठरवलं नाही, तर दोन सारख्या नावांपैकी जे हाताला आधी लागलं ते ठरवतं. हा निर्णय फंक्शनवर सोडू नये, तो आपण घ्यावा, आणि का घेतला ते तिथेच लिहून ठेवावं. मॅक्रो लिहिणाऱ्याच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो.